पायजमा दुमडून खेळणारे भाऊजी

काशिनाथ भाऊजी कॉम्प्युटरवर गेम खेळायला बसायच्या आधी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून घ्यायचे. दोन्ही पाय, घडीवर घडी. मग खुर्चीत बसायचे आणि मगच माउसला हात लावायचे. खाली फरशी कोरडी, वर पंखा चालू, पण त्यांच्या पायांना हे कोणी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं ते मिठागरात उतरले. कामाला लागायचं म्हणजे पाण्यात उतरायचं, एवढंच त्या पायांना ठाऊक.

ते माझे थोरले दीर. सुकापूरला आमची तीन मजल्यांची इमारत आहे. आम्ही खाली आणि ते सगळ्यात वर, एकटे. मधल्या मजल्यावर भाडेकरू. भाऊजींनी लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणायचे, "टोळी होती ना." टोळी म्हणजे मिठागरावर एकत्र काम करणारी माणसं. तेवीस जण होते आणि भाऊजी त्यांचे मुकादम. पुढे खाडीवर भराव पडला, मिठागर बंद झालं आणि टोळी पांगली. एक जण कोन गावात वॉचमन झाला, एकाने रिक्षा घेतली, बाकीचे कुठे गेले तेही कळलं नाही. त्या वर्षी दसऱ्यानंतर, म्हणजे मिठाचं काम सुरू व्हायच्या दिवसांत, भाऊजी रोज सकाळी पायजमा दुमडून दारासमोरच्या ओट्यावर बसायचे आणि दुपारी पायजम्याच्या घड्या सोडून जेवायला यायचे. मधल्या वेळात काही नाही. ते मला बघवत नसे.

पण मी बोलणार कशी? आमच्या घरात धाकट्याच्या बायकोने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची पद्धत नाही. शिवाय मी मुळातच कमी बोलणारी. भाऊजींना काही सांगायचं असलं की ते फ्रिजला सांगायचे. फ्रिज स्वयंपाकघराच्या दारात आणि मी त्याच्यामागे स्वयंपाकाच्या ओट्याशी. "फ्रिजबाय, आज चा कमी गोड कर." "फ्रिजबाय, वरती पानी येत नाय." मी भांडं एकदा वाजवलं म्हणजे हो आणि दोनदा वाजवलं म्हणजे नाही. अशी आमची वीस वर्षं गेली आणि काही अडलं नाही. एकदा आमचे हे नवा फ्रिज आणायचं म्हणाले तर भाऊजी म्हणाले, "ह्याला कालजी हाय घराची. नवा कसा निंगल काय सांगावा?"

स्वाती, माझी मुलगी, कॉलेजला गेली तेव्हा तिच्यासाठी कॉम्प्युटर घेतला. जागा नव्हती म्हणून हॉलमध्ये फ्रिजच्या समोर मांडला. एके दिवशी ती गेम खेळत होती. पडद्यावर दहा-बारा माणसं घोळक्याने डोंगर चढत होती. भाऊजी मागे येऊन उभे राहिले.

"ही टोळी कोनाची?"

"कोणाची नाही काका. वेगवेगळ्या गावची माणसं आहेत. आपापल्या घरी बसून खेळतात."

"पगार?"

"नाही."

"मंग कशाला येतात?"

स्वाती पुन्हा डोंगर चढायला लागली. भाऊजी तासभर तिथेच उभे होते. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेल्यावर ते खाली आले, पायजमा दुमडला आणि खुर्चीत बसले.

तेव्हापासून रोज अकरा ते बारा. त्यापेक्षा जास्त वेळ ते बसत नसत. डोळ्यांना पाणी येई आणि शिवाय बाराला जेवण. एवढ्या एका तासात आपल्याला धड काय देतो, यावर ते गेम पारखायचे. बाजारात लोक पापलेट जसं कल्ला उघडून बघतात तसा त्यांनी एकेक गेम उघडून बघितला. नावं इंग्रजी, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती.

पहिला तलवारवाला. त्याला महिन्याचा पास लागे. सुरुवातीचे काही दिवस फुकट होते, तेवढे खेळले आणि फ्रिजला म्हणाले, "चांगला हाय. पन जो दिसभर खेळतो त्याला तोच पास नि मनाही तोच पास. मी तासभर जानार. पन्नास मानसांच्या जेवनाची पत्रावळ घेऊन एकल्यानं कशाला बसू?"

मग पंखवाला. तो फुकट होता. "फुकट हाय पन रस्त्यावर दुकानाच दुकाना. पैसं टाकनारा उडतो नि आमी खालून बघायचा."

मग डुकरांचा. त्यात एकच काम, रानडुकरं मारायची. शंभर मारली की एक टोपी मिळे. भाऊजींनी महिनाभर मारली. आमचे हे कामावरून आले की दारातूनच विचारायचे, "काय दादा, संपली का डुकरा?" भाऊजी शांतपणे म्हणायचे, "मारतो तवर मागनं नवी येतात. येवढी फावडी मिठागरान मारली असती तर डोंगर झाला असता. हा गेम नाय, ही बिगारी."

मग जहाजवाला. तो त्यांना आवडला होता, कारण त्यात खाडी होती. पण आपण झोपलो की दुसरे येऊन जहाजातला माल पळवून न्यायचे. रोज अकराला भाऊजींचं जहाज रिकामं. चौथ्या दिवशी त्यांनी पायजम्याच्या घड्या सोडल्या. "जो घरी जातो त्यालाच लुटायचा? घरी जाऊ नये का मानसानं?"

हळूहळू "तासाभराच्या मानसाला काय?" हे त्यांच्या तोंडी बसलं. गावात सप्ताह होता. महाराजांनी सांगितलं की अखंड नाम घ्यावं, दिवसाचे आठही प्रहर घ्यावं. भाऊजी मंडपात उठून उभे राहिले. "महाराज, तासाभराच्या मानसाला काय?" महाराज चांगले होते. म्हणाले, "तासाभराचंही पोचतं." भाऊजी घरी येऊन फ्रिजला म्हणाले, "चांगला गेम हाय."

मग एक गेम सापडला, विश्रांतीवाला. त्यात आपण खेळत नसलो तरी आपला माणूस धर्मशाळेत झोपलेला असे आणि जेवढा झोपेल तेवढा वेळ दुसऱ्या दिवशी त्याला दुप्पट कमाई मिळे. भाऊजी हे वाचून खुर्चीतून उठले. "फ्रिजबाय, हा मिठागर हाय! खारा पानी कोंडला, बांध घातला नि घरी गेलो. मीठ आपल्या आपन होतंय!" त्यात तळं होतं, मासे धरता येत, ते भाजता येत, मारामारी नाही केली तरी चाले. आणि टोळ्या होत्या.

टोळीत शिरायला मात्र वेळ लागला. बहुतेकांना रोज चार तास देणारी माणसं हवी होती. भाऊजी स्वातीला शेजारी बसवून एकेका टोळीला प्रश्न लिहायला लावायचे. हिंदी, पण इंग्रजी अक्षरांत. एव्हाना त्यांचा प्रश्नही वाढला होता. "लिव, तासाभराचा मानूस चालल का? आता लिव, अर्ध्या तासाचा चालल का? नि जो बोलत नाय असा चालल का?"

"काका, तुम्ही तर केवढं बोलता!"

"लिव तू."

मला वाटलं, ते एका बोटाने लिहितात आणि अर्धा वेळ त्यातच जातो, म्हणून विचारत असतील. शेवटी इंदूरकडच्या एका औषध दुकानदाराची टोळी होती, तिने 'चालेल' म्हणून कळवलं. त्या दिवशी भाऊजींनी सगळ्यांसाठी जिलेबी आणली. फ्रिजवर वेगळा पुडा ठेवला.

तिथे त्यांचं नाव मुकादम. ते सात-आठ महिने फार चांगले गेले. अकराला बसले की ते मोठमोठ्याने बोलत खेळायचे. "सात, सात, तीन, शून्य, दरवाजा उघडला. हे हिरवा बटन दाबला का गळ पडतो. आता थांबायचा. पानी हाललं का परत तोच बटन. चुकला तरी कोन हासत नाय." रोज तेच, जसं काही कोणाला शिकवताहेत. म्हातारी माणसं एकटी बोलतात तसंच हे, असं मी समजत होते.

मग ज्येष्ठ लागला आणि एके दिवशी बाराला भाऊजी म्हणाले, "चला, मिठागर बंद. आता दसऱ्याला."

स्वाती घाबरली. "काका, महिनाभर कोणी आलं नाही तर टोळीतून नाव आपोआप निघतं! तसा नियम आहे. रोज नको, पण आठवड्यातून एकदा तरी बसा."

"पावसाल्यान मीठ कोन काढतो? टोळी घरी जाते नि दसऱ्याला येते. नाव कोन कापत नाय. नाव कापतात मेल्यावर."

"अहो, तो कॉम्प्युटर आहे!"

"मंग त्याला सांग."

आणि ते वर निघून गेले. पावसाळ्यात ते जुन्या फावड्यांचे दांडे काढून पुन्हा बसवत. त्या फावड्यांनी आता कोणी काही ओढत नव्हतं.

माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं ते ओट्यावर बसणं आलं. एकदा टोळी गेली ती भरावाखाली गेली, त्याला इलाज नव्हता. ही दुसरी नियमाने जाणार होती. दसऱ्याला ते पायजमा दुमडून बसणार आणि पडद्यावर त्यांचं नाव नसणार.

स्वाती परीक्षेसाठी मावशीकडे गेली होती. तिला सांगितलं असतं तर तिने केलं असतं, पण आधी काकांना विचारलं असतं. चार दिवस मी नुसती कॉम्प्युटर पुसत राहिले. पाचव्या दिवशी दुपारी तीनला, घरात कोणी नसताना, खुर्चीत बसले. मी चौथी शिकलेली, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पण आकडे येत होते, गॅसच्या पुस्तकावर असतात ना. सात, सात, तीन, शून्य. दरवाजा उघडला. मुकादम तळ्याकाठी उभा होता.

मग खाली कसली तरी अक्षरं उमटायला लागली. कोणीतरी माझ्याशी बोलत होतं! मी भिंतीवरचं बटण बंद करून स्वयंपाकघरात पळाले आणि काही कारण नसताना लसूण सोलत बसले.

दुसऱ्या दिवशी धीर करून पुन्हा बसले. हिरवं बटण दाबलं, गळ पडला. पाणी हललं, मी दाबलं. चांगला हातभर मासा. त्या दिवशी कोणी काही लिहिलं नाही. फक्त हिरव्या टोपीची एक बाई येऊन शेजारी गळ टाकून बसली. ती रोज यायची. एकदा माझ्यापुढे टोपली ठेवून गेली. अक्षर म्हणून लिहिलं नाही. किती वळणाची माणसं, असं मनात आलं.

रोज तीन ते साडेतीन असं चार महिने चाललं. कोणाला कळू दिलं नाही. मारामारीला गेले नाही. मासे धरले.

दसऱ्याला भाऊजींनी फावडी खाली आणून पूजेला मांडली. शेजारी कॉम्प्युटरचा कीबोर्डही मांडला आणि हळद-कुंकू वाहिलं. "दादा, त्याच्यान हलद शिरली का बंद पडंल तो!" असं आमचे हे ओरडले. त्यातलं एक बटण अजूनही पिवळं आहे.

दुसऱ्या दिवशी अकराला भाऊजींनी पायजमा दुमडला. मी ओट्याशी, हातात पळी. सात, सात, तीन, शून्य.

"फ्रिजबाय," ते म्हणाले, "नाव हाय."

मी डाळ ढवळत राहिले.

"थैलीन मासंच मासं हायेत. ठेवायला जागा नाय. फ्रिजबाय, यवढं मासं तूच धरलंस का?"

फ्रिज मासे धरत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी भांडं वाजवायला पळी उचलली, पण वाजवलं नाही.

ते हसले आणि खेळायला लागले.

दिवाळीच्या सुट्टीत स्वाती त्यांच्यासाठी काहीतरी शोधत होती, तेव्हा तिला टोळीतला जुना मजकूर दिसला. ज्येष्ठातला, भाऊजी 'मिठागर बंद' म्हणाले त्याच दिवसाचा. त्यांनी एका बोटाने एकट्यानेच लिहिला होता. तिने मला मराठी करून वाचून दाखवला:

"मी दसऱ्याला येईन. तोवर माझ्या नावावर आमच्या घरातलं माणूस येईल. बोलणार नाही. म्हणून काढू नका. पहिल्या दिवशी पळूनही जाईल, पण परत येईल. आमच्याकडे वीस वर्षं बोललेली नाही, पण काम कधी थांबलं नाही. तिला लढाईला नेऊ नका. नुसते शेजारी बसा. तिच्या शेजारी कोणी बसत नाही."

खाली दुकानदाराने लिहिलं होतं, "ठीक आहे मुकादम." आणि आणखी कोणीतरी, "मी बसेन."

स्वाती माझ्याकडे बघत होती. मी उठून चहा ठेवला. कमी गोड.

दुसऱ्या दिवशी भाऊजी साडेअकरालाच उठले. पायजम्याच्या घड्या सोडल्या, कॉम्प्युटर चालू ठेवला आणि फ्रिजसमोर उभे राहून म्हणाले, "फ्रिजबाय, माजा झाला. पुडचा अर्धा तास तुजा. ती हिरवी टोपी वाट बघते."

हातात पळी होती, समोर पातेलं होतं.

"बरं, भाऊजी," मी म्हटलं.

ते दारात थांबले. मागे वळले नाहीत. मग जिन्यावरून वर जाताना आमच्या ह्यांना मोठ्याने सांगितलेलं ऐकू आलं, "अरं, नवा फ्रिज आनू नको. ह्यो चांगला हाय."