पाहुण्याला दोनच माश्या

बेडकाला जेवू घालायच्या आधी त्याच्या पोटाला विचारावं लागतं, हे मला रिठदच्या शंकरभाऊंनी शिकवलं. शंकरभाऊ गावचे पोस्टमन, एकटेच राहायचे. मी तिथल्या शाळेत मास्तर. माझी भाड्याची खोली त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे हे शिक्षण चुकवायची सोय नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ. गावानं धोंडी मागितली, म्हणजे मुसळाला बेडूक बांधून पावसासाठी घरोघर फिरवला. पाऊस येईपर्यंत सोडायचा नाही म्हणून तो मडक्यात झाकून ठेवला. पाऊस आलाच नाही, आणि बेडकाची आठवण फक्त शंकरभाऊंना राहिली. बाहेर काढला तेव्हा नुसती कातडी आणि डोळे.

"पाहुना हाये, मास्तर," म्हणत त्यांनी माझ्या घंगाळात ओली माती घातली. पाण्यावाचून माझी अंघोळ तशीही बंदच होती.

बेडूक हलेल तेवढंच खातो. म्हणून शंकरभाऊ मेलेली माशी दोऱ्याला बांधून त्याच्यापुढे नाचवत. माश्या मी पुरवायच्या. मास्तरले सरकार माश्या मारायचा पगार देते, असं गाव म्हणू लागलं. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

आधी दिवसाला एक माशी, चार दिवसांनी दोन. मी तिसरी पुढे केली की म्हणत, "पोटाले इचारा. ते जेवन इसरलं हाये."

एकदा सकाळी ते टपाल वाटायला गेले. मला त्या उन्हाचा, धुळीचा आणि दोऱ्याचा वीट आला होता. एकदाचा हा धडधाकट होऊन जावो, म्हणून मी त्याला आठ माश्या चारल्या. त्यानं सगळ्या गिळल्या. मला बरं वाटलं.

दुपारी शंकरभाऊ आले. माश्यांची वाटी रिकामी दिसली.

"किती देल्ल्या?"

"आठ."

ते घंगाळापाशी खालीच बसले. म्हणाले, "माही लहान बहीन व्हती. आमच्या लहानपनच्या दुकायात आठ रोज पान्यावर राह्यली. मंग मले कुठून तरी जवारी भेटली. म्या तिले पोटभर चारलं. लय हासली खाऊन. सकायी उठलीच नाई."

स्वतःची लाज वाटली. दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघं त्या बेडकाचा हलणारा गळा बघत बसलो. शेवटी त्यानं मागचा पाय ताणला आणि मातीत सरकून बसला.

शंकरभाऊंनी दोरा गुंडाळून खिशात घातला. "उद्या एकच," ते त्याला म्हणाले.

मग माझ्या खांद्यावर हात टेकवून उठले. "तुमची चूक नाई, मास्तर. दोनच कायले, ते म्या सांगतलंच नव्हतं. मलेबी तवा कोनी सांगतलं नव्हतं."