मंदीचं छप्पर

पडत्या बाजारात पैसा कसा करायचा हे शिकायचं असेल, तर माझ्याकडे या! म्हणजे, गेल्या ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी दुपारी तीन वाजेपर्यंत तरी मी असंच सांगत फिरत होतो. चढत्या बाजारात काय, कोणीही पैसा करतो. त्याला अक्कल लागत नाही, आशा लागते. आणि आशा ही बाई आम्हा मिनेसोटातल्या नॉर्वेजियन लोकांच्या घरात कधी पाऊलच टाकत नाही! जूनमध्ये छान ऊन पडलं की आमचा माणूस आभाळाकडे बघून म्हणतो, "याची भरपाई जानेवारीत करावी लागणार!" लग्नाच्या पंगतीत म्हणतो, "बघू किती दिवस टिकतंय." अशा खानदानात जन्मलेला मी, हॅल्वर ट्वाइट, धान्याच्या कोठारावर उभी हयात घालवलेला म्हातारा, मंदीवर पैज लावणार नाही तर काय तेजीवर?

पैज लावायला कारणही तसंच होतं. बुलहेड तळ्याकाठी आमची एक लाकडी केबिन आहे. आहे म्हणजे भिंती आहेत, छप्पर नावापुरतं आहे. मार्लिसचा, माझ्या बायकोचा, त्या केबिनवर माझ्यापेक्षा जास्त जीव. फेब्रुवारीत ती गेली. जाण्याआधी म्हणाली होती, "माझी राख तळ्यात सोडा, आणि केबिन विकू नका." आमची मुलगी सॉल्वेग, घरातली सॉल्वी, डेन्व्हरला असते. ती हिशेबी. तिने मला बजावलं होतं, "बाबा, हिवाळ्याआधी छप्पर झालं तर ठीक. नाहीतर वसंतात केबिन विकायची. बर्फाखाली ती कोसळलेली मला बघवणार नाही." छप्परवाल्याने सहा हजार डॉलर सांगितले. माझ्याकडे होते चार.

आमच्या गावात तेव्हा सगळ्यांना बिटकॉइनचं वेड लागलं होतं. ते नाणं कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण त्याचा फंड शेअरसारखा बाजारात मिळतो. न्हाव्याने घेतला, दातांच्या डॉक्टरने घेतला, माझ्या शेजारच्या अर्डिसबाईंनीसुद्धा घेतला! न्हाव्याने घेतला तेव्हाच मी ओळखलं, आता हे पडणार!

"हे बघ अर्डिस," तिच्याच स्वयंपाकघरात बसून मी तिला समजावलं, "फंड आज बावन्नवर आहे. तो पन्नासला विकायचा हक्क मी विकत घेतला. त्याला पुट म्हणतात. तो महाग पडतो, म्हणून पंचेचाळीसचा तसलाच हक्क मी दुसऱ्याला विकला. दोन्ही मिळून शेअरमागे दोन डॉलर घातले. फंड धाडकन पडला की मधले पाच डॉलर माझे! दोन हजार शेअरांचा सौदा आहे. छप्पर आलंच म्हणून समज!"

"आणि चढला तर?"

"घातलेले चार हजार गेले. त्याहून दमडी जास्त बुडू शकत नाही. हीच तर गंमत आहे!"

"आणि पन्नास-पंचेचाळीसच्या मध्येच थांबला तर?"

"मध्ये कोण थांबतं, अर्डिस!"

सौद्याच्या शेवटच्या शुक्रवारी फंड अठ्ठेचाळीसवर थांबला होता.

काही बिघडलं नव्हतं! बाजार तीनला बंद होतो, त्याच्या आत दोन्ही हक्क मोडून टाकले की मुद्दल सुटत होतं. दुपारी मी अर्डिसचं भांडं परत द्यायला गेलो. मार्लिस गेली तेव्हा शेजारपाजाऱ्यांनी जेवण भरून आणलेल्या भांड्यांपैकी ते शेवटचं. म्हटलं, दारातूनच देऊ आणि निघू. पण आमच्याकडे दारातून निघणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. पहिल्यांदा गुडघ्यावर हात आपटून "चला, निघतो" म्हणायचं आणि बसून राहायचं. मग उठून खुर्चीमागे उभं राहून हवेवर बोलायचं. मग दारात, दाराची मूठ हातात धरून, गावातल्या सगळ्यांची दुखणी. आणि मग गाडीत बसल्यावर यजमानीण खिडकीवर हात ठेवते आणि खरं बोलणं तिथे सुरू होतं! उठून तडक चालता होणारा माणूस आमच्यात एक तर आजारी असतो, नाहीतर स्वीडिश.

अर्डिसने खिडकीवर हात ठेवला तेव्हा तीनला बराच अवकाश होता. "रविवारी राख सोडायची ना रे?" तिने विचारलं आणि तिचे डोळे भरले. आता अशा बाईला "थांब, माझा पुट मोडायचाय" असं कोण सांगणार? ती मार्लिसबद्दल बोलत राहिली, मी मान हलवत राहिलो. माझ्या मनात आलं, या गावात भांडं परत देणाऱ्यालाही तासभर निरोप मिळतो. मार्लिस मात्र मी कॉफी आणायला खाली गेलो तेवढ्यात गेली! सॉल्वीचं विमान तर तेव्हा उतरलंही नव्हतं. तीन वाजून गेले.

शनिवारी सकाळी ब्रोकरचा निरोप आला. तुमचा हक्क फायद्यात होता, म्हणून आम्ही तो आपोआप वापरला आहे! म्हणजे माझ्याकडे नसलेले दोन हजार शेअर त्यांनी उसने आणून पन्नासने विकून टाकले होते. मी एकदम एक लाख डॉलरच्या नसलेल्या मालाचा विक्रेता! तो सोमवारी परत विकत घेऊन फेडायचा. आणि पंचेचाळीसच्या ज्या हक्काने माझं गणित पुरं व्हायचं, तो, फंड तेवढा पडलाच नाही म्हणून, शुक्रवारीच विझून गेला होता.

मी ब्रोकरला फोन लावला. "ताई, हे आत्ताच्या आत्ता फिरवा!"

"बाजार सोमवारी सकाळी उघडेल, काका."

"आणि तोवर नाणं चढलं तर?"

"नाणं तर चोवीस तास चालू असतं ना, काका! तुमचा वीकेंड छान जावो हं!"

फंडाला शनिवार-रविवार सुट्टी, नाण्याला नाही! आणि आठवडाभर मेल्यासारखं पडलेलं ते नाणं नेमकं शनिवारी उठून चालायला लागलं. फंड एक डॉलर चढेल इतकं नाणं चढलं की माझे दोन हजार डॉलर गेले. जेवताना, झोपताना किती वेळा फोन बघणार? शेवटी दर डॉलरला फोनने आवाज द्यावा अशी सोय करून टाकली. आवाज कुठला, तर लून पक्ष्याचा. तळ्यावरचा तो काळा-पांढरा पाणपक्षी, रडल्यासारखा लांब ओरडणारा. मार्लिसला त्याचं भारी वेड. माझ्या फोनवर तो आवाज तिनेच बसवून दिला होता.

रविवारी सकाळी आम्ही तिघं तळ्यावर जमलो. मी, सॉल्वी आणि अर्डिस. धुकं इतकं की दहा हातांवरचं दिसेना. मी छातीपर्यंतची रबरी विजार चढवली, फोन त्या विजारीच्याच छातीवरच्या खिशात टाकला आणि राखेचा डबा घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. सॉल्वी काठावर ताठ उभी होती. तिची माझ्यावर एक जुनी तक्रार होती. "बाबा, तू अजून एकदाही रडला नाहीस."

मी डबा उघडला. पहिली मूठ सोडली. आणि धुक्यात लून ओरडला!

"अगं बाई!" अर्डिसने छातीवर हात ठेवला. "ऑक्टोबर संपत आला, सगळे लून केव्हाच दक्षिणेला गेले! हा एकटाच कशाला थांबलाय?"

कशाला थांबलाय ते मला ठाऊक होतं. दोन हजार डॉलर! माझ्या तोंडून एक हुंदका निघाला. मी खरंच आवरायचा प्रयत्न केला हो. पण दुसरी मूठ सोडतोय तोवर परत तो आवाज. मग लगेच तिसऱ्यांदा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! सहा हजार, म्हणजे अख्खं छप्पर, एका मिनिटात! मी त्या बर्फासारख्या पाण्यात उभा राहून हमसाहमशी रडायला लागलो.

सॉल्वी बुटांसकट पाण्यात शिरली आणि तिने मला मिठी मारली. "रड बाबा, रड! आठ महिने वाट बघतेय मी!"

"सॉल्वी, अगं..."

"काही बोलू नकोस. मलाही ऐकू येतंय ते."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तिने धुक्याकडे तोंड केलं होतं आणि माझी ती हिशेबी मुलगी त्या धुक्याशी बोलत होती. "आई, मी वेळेवर पोचले नाही गं. पण तू थांबलीस! बाबांकडे मी बघते. केबिन नाही विकणार, शब्द देते. तू जा आता. खूप थंडी आहे, जा." काठावर अर्डिस हुंदके देत होती. आणि मी, मेला, मनात देवाचा धावा करत होतो की चौथा डॉलर एवढ्यात चढू नये! नाही चढला. सॉल्वीला वाटलं, आईने ऐकलं आणि ती गेली.

केबिनमध्ये शेकोटी पेटवली. छपरातलं पाणी पातेल्यात टपटपत होतं. अर्डिसने ओव्हनमधून बटाटा-खिम्याचं भांडं काढलं आणि आम्ही जेवायला बसलो. मी ओली विजार खुंटीला टांगली होती. अर्डिसने डोळे मिटले, हात जोडले. "हे प्रभो, या अन्नासाठी तुझे आभार. आणि आज जो पक्षी तू पाठवलास..."

खुंटीवरची विजार ओरडली!

अर्डिसने एक डोळा उघडला. सॉल्वीने दोन्ही. विजार परत ओरडली, अगदी आर्त, गळा काढून! सॉल्वी उठली. तिने खिशात हात घातला, फोन काढला आणि मोठ्याने वाचलं, "फंड अंदाजे सत्तावन्न."

मग मला सगळं सांगावं लागलं. सांगून झाल्यावर अर्डिस एवढंच म्हणाली, "मध्येच थांबला वाटतं." आणि भांडं आवरायला लागली.

सॉल्वी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू आवाजात बोलली. "मी आईला निरोप दिला, बाबा. तिला 'जा' म्हटलं. आणि ती तुझ्या खिशात होती!"

"छपरासाठीच केलं गं मी..."

तिने कोट उचलला. "चला, निघते" नाही, दाराची मूठ नाही, खिडकी खाली केली नाही. सरळ गाडीत बसली आणि विमानतळाकडे गेली! मी अंगणात उभा राहून मागचे लाल दिवे बघत होतो. केबिन गेली, म्हटलं. केबिनचं एक असो, पोरगीपण गेली.

रात्री कधीतरी त्या नाण्याला स्वतःचीच लाज वाटली असावी. चढलं होतं तसंच घसरत खाली आलं. सोमवारी सकाळी बाजार उघडला तेव्हा फंड परत अठ्ठेचाळीसवर! मी दोन हजार शेअर परत घेतले. हिशेब केला. दोनदा केला. जेवढे घातले तेवढेच हातात! एक पैचा फायदा नाही, एक पैचा तोटा नाही! मी खुर्चीतून उडालो आणि झोपण्याच्या खोलीकडे तोंड करून ओरडलो, "मार्लिस! वाचलो गं! वाचलो!"

आतून कोणी "सकाळी सकाळी काय बोंबलतोयस?" म्हणालं नाही.

मी वाट बघत उभा राहिलो. खरंच उभा राहिलो हो, चांगला काही वेळ. मग मला जे रडू फुटलं, ते कुठल्याही डॉलरचं नव्हतं. जमिनीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तेवढ्यात फोन वाजला. सॉल्वी.

"मी छप्परवाल्याशी बोललेय," कसलीही प्रस्तावना न करता ती म्हणाली. "कमी पडतील ते पैसे मी देणार. केबिन राहील. मी आईला शब्द दिलाय. लून खोटा होता, मी खोटी नव्हते." मग म्हणाली, "आता सांग. किती गेले?"

मी नुसतं नाक ओढलं.

"बाबा? रडतोयस तू? अरे देवा! सगळे गेले का?"

"नाही... काही नाही गेले. बरोबरीत सुटलो."

"मग रडतोस कशाला?"

"सॉल्वी," मी म्हटलं, "तुझी आई गेली गं!"

आठ महिन्यांपूर्वीची बातमी, आणि सांगत कोणाला होतो, तर तिच्याच मुलीला!