लक्ष्मम्मांच्या घराचे त्रेसष्ट त्रिकोण

चिंचकुंट्याचा नाला दर पावसाळ्यात लक्ष्मम्मांच्या घरात शिरतो, याबद्दल आमच्या कार्यालयात कोणाचंही दुमत नव्हतं. अडचण एवढीच होती की तो ज्या फाइलमध्ये शिरत होता, तिचा फॉरमॅट पोर्टलला चालत नव्हता.

मी अण्णाराव, नांदेडच्या पूर प्रतिकृती कक्षात रूपांतर सहायक, कंत्राटी. एका सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरला चालेल अशी करून देणं हे माझं काम. रूपांतर करताना पडद्यावर एक चौकट येते: ‘काही माहिती वगळली जाईल. पुढे जायचे?’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’. ‘नाही’ दाबलं तर कारण लिहून साहेबांची सही घ्यावी लागते, म्हणून सहा वर्षांत मी ते दाबलेलं नाही.

मुखेडकडच्या या गावात लक्ष्मम्मांच्या घरामागे चाळीस मीटर लांबीची भिंत हवी होती. पाणी कुठून आणि किती येतं हे कॉम्प्युटरवर दाखवल्याशिवाय भिंत मंजूर होत नाही. म्हणून इंजिनिअर सृष्टी मॅडम चार दिवस नाल्यात उतरल्या, टेपचं दुसरं टोक धरायला मी होतो. मग त्यांनी कॉम्प्युटरवर अख्ख्या गावाच्या जमिनीचे तुकडे पाडून त्रिकोणांची जाळी तयार केली. शेतात मोठे त्रिकोण, वळणावर बारीक, जशी जमीन तशी जाळी. लक्ष्मम्मांना लॅपटॉपवर त्यांचं घर दाखवलं.

“ह्यात माझी न्हाणी आली का, पोरी?”

“आली, अव्वा. तुमच्या घराचे त्रेसष्ट त्रिकोण आहेत. त्यातले चार न्हाणीचे.”

“लई झाले,” असं म्हणून लक्ष्मम्मांनी आम्हा दोघांना चहा पाजला.

कार्यालयात रविकिरण साहेबांनी जाळी पाहून चष्मा काढला.

“मॅडम, हे त्रिकोण एका ओळीत का न्हाईत?”

“साहेब, नाला ओळीत वाहत नाही.”

“मग नाल्याला समज देणारं पत्र काढा. अण्णाराव, तवर तू हे पोर्टलला चालंल असं करून टाक.”

मॅडमनी यादी जोडली होती: क्षेत्र एक म्हणजे घर, क्षेत्र दोन म्हणजे नाला. पोर्टलच्या फॉरमॅटमध्ये नावांना जागा नव्हती, म्हणून नावं गळाली आणि नुसते आकडे उरले. आकड्यांचा क्रमही उलटा झाला. पण चौकटीनं मला रीतसर विचारलं होतं आणि मी रीतसर होय म्हटलं होतं.

तिथून फाइल लातूरला तांत्रिक तपासणीसाठी गेली. पोर्टल बंद असल्यानं मी आणि मॅडम ती पेनड्राइव्हवर घेऊन एसटीनं गेलो. तिथले चन्नबसप्पा साहेब तिसरंच सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्या फॉरमॅटमध्ये मापं असतात, पण ती मीटरची की कशाची हे लिहिलेलं नसतं. ते मशीन सरसकट मिलिमीटर धरतं. मी होय दाबलं आणि दीड किलोमीटरचं चिंचकुंटा दीड मीटरचं झालं.

“गाव टेबलावर मावतंय की,” साहेब खुशीत म्हणाले. “एवढ्याला पूर म्हंजे तांब्याभर पाणी.”

“सर, ते मीटर आहेत,” मॅडम म्हणाल्या.

“पुरावा?”

“गाव आहे ना, सर. जाऊन बघा.”

“गाव फाइलला जोडलंय का?”

“गाव कसं जोडणार?”

“दोन एमबीच्या आत असंल तर जोडता येतंय.”

महिन्याभरानं अहवाल आला: ‘क्षेत्र एकपासून क्षेत्र दोनला धोका आहे.’ आमच्या कक्षानं मॅडमची जुनी यादी काढली आणि तिच्याबरहुकूम लक्ष्मम्मांना नोटीस पाठवली. ‘आपले घर दर पावसाळ्यात नाल्यात शिरत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, नाल्याच्या संरक्षणार्थ चाळीस मिलिमीटर लांबीची भिंत मंजूर करण्यात येत आहे. घराने यापुढे आपल्या जागी राहावे.’

मॅडमनी तीन पत्रं लिहिली. मंजुरीपेक्षा मोठी भिंत बांधल्यास ते अतिक्रमण ठरेल, असं तिन्हींना एकच उत्तर आलं.

ठेकेदारानं भिंत काडेपेटीतून आणली. खोटं कशाला बोलू, काम चोख होतं. सात दिवस तिला ड्रॉपरनं पाणी मारलं. उद्घाटनाला फीत कापताना भिंत वाऱ्यानं पडू नये म्हणून रविकिरण साहेबांनी स्वतः हात आडवा धरला. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

ऑगस्टात नाला आला. रविकिरण साहेब, मॅडम आणि मी पंचनाम्याला गेलो तेव्हा घरात गुडघाभर पाणी होतं आणि न्हाणी पडली होती. लक्ष्मम्मा बाजेवर बसल्या होत्या. कनवटीची काडेपेटी काढून त्यांनी साहेबांपुढे धरली.

“भिंत वाहून जाऊ न्हाई म्हणून उचलून ठेवली बघा. सरकारी हाय.”

मला मान वर करवेना. मॅडमचा मात्र आवाज चढला. “साहेब, हे मान्य केलं कोणी?”

“गावानं,” म्हणत साहेबांनी कागद पुढे केला. “लोकसहभाग हाय, मॅडम. मंजुरीच्या आधी घरटी एक ओटीपी घेतला. दोनशे चौदा घरं, दोनशे चौदा संमती.”

“अव्वा, तुम्हीपण दिला?”

“हाव. मोबाइलवर आकडा आला. फोनवरल्या बाबानं इचारला, म्या सांगितला. न्हाई सांगितलं तर त्याचं काम आडतंय म्हणला. लई गोड बोलत होता बिचारा.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पंचनाम्यात न्हाणीचं माप लिहीत राहिलो. फोनवरचा तो आवाज माझाच होता.

मॅडम आता आमच्याकडे नाहीत. लक्ष्मम्मांची न्हाणी अजून पडलेलीच आहे, आणि कागदोपत्री नाला सुरक्षित आहे. चिंचकुंट्याचं काम मुदतीत झाल्यामुळे माझं कंत्राट वाढलं असून या वेळी अख्ख्या जिल्ह्याची जाळी रूपांतराला आली आहे. त्यात तुमचंही घर आहे. किती त्रिकोणांचं, ते मी पाहिलेलं नाही. संमतीसाठी तुम्हाला लवकरच फोन येईल. मी शक्यतो जेवणाच्या वेळी करतो, तेव्हा लोक फारसं विचारत नाहीत. मोबाइलवर आलेले सहा आकडे तेवढे सांगायचे. मागे दुसऱ्या एका कामासाठी फोन केला, तेव्हा तर तुम्ही ते माझं नावही न विचारता सांगितले होते.