सुनंदाबाईंची हरकत

सत्तर वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी बळवंतराव शिर्क्यांनी केक कापला आणि दुसऱ्या दिवशी बंदूक मुलाच्या नावावर करायला काढली. सत्तरीनंतर हत्याराचं लायसन्स वारसाला देता येतं, आणि शिर्क्यांच्या घरात वारस म्हणजे मुलगा, हे बोलूनही दाखवायची कधी गरज पडली नव्हती. हरिशंकरपुरममधल्या त्यांच्या बैठकीत ती दुनळी बंदूक टीव्हीच्या वर टांगलेली असे. पूर्वज दख्खनेतून तलवारी घेऊन ग्वाल्हेरला आले होते, बळवंतराव वीज खात्यातून पेन्शन घेऊन घरी आले होते. मधल्या पराक्रमाची एवढीच खूण उरली होती. चाळीस वर्षांत तिच्यातून एक गोळी सुटली नव्हती.

मुलगा ध्रुव इंदूरला होता आणि त्याला ती नको होती.

"बाबा, आमच्या सोसायटीत कुत्रा पाळायला पण परमिशन लागते," तो फोनवर म्हणाला. "बंदूक कुठे ठेवू? बाल्कनीत?"

"ठेवायची कशाला? इथेच टांगलेली राहील. नाव फक्त तुझं."

ध्रुव कंटाळून हो म्हणाला. राहता राहिली मुलीची सही.

मुलगी सीमंतिनी गावातच थाटीपुरला राहत होती, कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होती आणि 'बारूदबंदी महिला मंचा'ची अध्यक्ष होती. वरातीतला गोळीबार थांबावा, घराघरातल्या बंदुका ठाण्यात जाव्यात, यासाठी ती गल्लोगल्ली भाषणं करायची. प्रत्येक भाषणाच्या शेवटी कोणीतरी विचारायचंच, "मैडम, आपके मायके वाली कब उतरेगी?" तेव्हा तिचा चेहरा पाहवत नसे. ती बंदूक घरातून गेलेली पाहणं, एवढी एकच इच्छा तिच्या मनात वर्षानुवर्षं होती.

बळवंतरावांनी तिच्यापुढे कागद ठेवला. "इथे साइन कर. बंदूक भावाला मिळायला तुला आपत्ती नाही, काही हरकत नाही, असं लिहिलंय."

"मला आपत्ती आहे."

"तुला पाहिजे बंदूक?"

"मुळीच नको."

"मग फालतूमध्ये हंगामा कशाला?"

"मला नको हे मी ठरवीन ना, बाबा! मला न विचारता तुम्ही आधीच कसं ठरवलंत?"

बळवंतरावांनी बायकोकडे, सुनंदाबाईंकडे, पाहिलं. सुनंदाबाई वाटाणे सोलत होत्या, त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

सीमंतिनीने त्याच आठवड्यात स्वतःच्या नावाने अर्ज भरला. बेत साधा होता. आज समान हक्काने बंदूक मिळवायची, उद्या तत्त्वाने ती सरकारला परत करायची. 'जिवाला धोका कोणापासून?' या रकान्यात तिने 'बंदूकवाल्यांपासून' असं लिहिलं.

चौकशीला ठाण्यातून हवालदार दौलतसिंह आला. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"मैडम, इसमें पति के साइन नहीं हैं।"

"कौन से नियम में लिखा है?"

"नियम में नहीं है। रिवाज में है।"

झालं! तोवर अर्ध्या मनाने चाललेली सीमंतिनी त्या क्षणी बंदुकीसाठी जिवावर उदार झाली. दौलतसिंहने तिच्या नवऱ्याकडे, अभिरामकडे, मोर्चा वळवला. "भाईसाहब, आपको कोई आपत्ति?"

"मिल गई तो बंदूक इनके पास रहेगी न?" अभिरामने विचारलं.

"हाँ।"

"फिर कोई आपत्ति नहीं है, भैया।"

ही बातमी मंचात पोचली आणि सचिव गरिमा धावत आली. "दीदी, मेरे यहाँ भी बंदूक देवर के नाम हो रही है। आप ले रही हैं तो हम क्यों पीछे रहें?"

"अगं, पण आपण बंदुकीच्या विरुद्ध आहोत ना!"

"लौटा देंगे, दीदी। पर पहले मिले तो!"

हे तर सीमंतिनीचंच उत्तर होतं. बावीसपैकी सतरा सभासदांनी अर्ज केले. महिनाअखेर ठाण्यात बंदुकीसाठी सगळ्यात जास्त अर्ज बंदूकविरोधी मंचाचे होते. गल्लीतल्या एका दुकानदाराने आपण होऊन मंचाला बंदुकीच्या पट्ट्यांवर दहा टक्के सूट जाहीर केली. स्थानिक वर्तमानपत्रात मंचाच्या बॅनरखाली सीमंतिनीचा फोटो आला, वर मथळा, 'अब नारी उठाएगी दुनाली'. ती आईकडे आली तेव्हा रडकुंडीला आली होती.

"आई, मला फक्त ती भिंतीवरून उतरवायची होती गं."

"चहा घे," सुनंदाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दौलतसिंह फाइल घेऊन दारात. बळवंतरावांनी त्याला आदराने बसवलं.

"साहब, अर्जी दो हैं। बेटे की भी, बिटिया की भी। पर एक वारिस के साइन दोनों में नहीं हैं।"

"किसके?"

"माताजी के।"

सुनंदाबाईंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि दोन्ही कागद पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचले.

"माझी हरकत आहे. दोन्हींना."

"अगं, तुझा काय संबंध बंदुकीशी?" बळवंतराव म्हणाले.

"दर शुक्रवारी खोबरेल तेल लावून पुसतं कोण तिला? निवडणूक लागली की सरकारी हुकमाप्रमाणे चादरीत गुंडाळून, टेम्पोत मांडीवर घेऊन ठाण्यात जमा करतं कोण? तुम्हाला रांगेत उभं राहायची शरम वाटते म्हणून!"

दौलतसिंह छताकडे पाहू लागला. लायसन्स साहेबांचं असताना जमा केल्याची रसीद इतकी वर्षं तोच माताजींच्या हातात देत आला होता.

"पण तुला चालवता येते का?"

"तुम्ही तरी कधी चालवलीत, अहो? मला निदान पुसता येते."

सीमंतिनीने आधी स्वतःचा अर्ज फाडला, मग ध्रुवला फोन लावला. त्याने इतक्या आनंदाने माघार घेतली की बळवंतरावांना वाईट वाटलं. तीन महिन्यांनी लायसन्स सुनंदाबाईंच्या नावावर झालं आणि चौथ्या महिन्यात निवडणूक लागली. त्यांनी बंदूक चादरीत गुंडाळली, टेम्पोने ठाण्यात नेली, रसीद घेतली आणि येताना मेथी आणली.

निकाल लागले. सगळे आपापल्या बंदुका घेऊन गेले. सुनंदाबाई गेल्या नाहीत. शेवटी दौलतसिंहचाच फोन आला.

"माताजी, ले जाइए न।"

"भैया, अगला चुनाव आएगा न?"

"आएगा तो।"

"तब फिर जमा करनी पड़ेगी न? तो इस उमर में मैं काहे को ढोऊँ?"

दौलतसिंहने बराच विचार केला, पण त्याला यात चूक सापडेना. सीमंतिनीलाही सापडली नाही. आठवड्याभरात गरिमासकट मंचाच्या सतराजणी वह्या घेऊन सुनंदाबाईंकडे हजर झाल्या.

दसऱ्याला शस्त्रपूजेचा पाट मांडला आणि बळवंतराव रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिले. सुनंदाबाईंनी कपाटातून रसीद काढली, पाटावर ठेवली, तिला हळदकुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल वाहिलं. बळवंतरावांनी निमूटपणे हात जोडले.

"माझी बंदूक तिथे एकटी असेल," ते हळूच म्हणाले.

"माझी," सुनंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावला. "दौलतसिंह, आज शुक्रवार है। तेल लगाया?"

"लगा दिया, माताजी।"

"खोपरे का?"

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला.

"अभी लगाता हूँ, माताजी।"