जाधवसाहेबांची पाहणी

जाधवसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी मोरी विचारत, माणसं नंतर. एकदा एका सहकाऱ्याचे वडील वारले म्हणून आम्ही कचेरीतले चौघे भेटायला गेलो. आत बायका रडत होत्या. साहेबांनी उंबऱ्यातूनच विचारलं, "मागचं दार कुठं उघडतंय?" रडणं क्षणभर थांबलं.

पाटबंधारे खात्याच्या आमच्या कचेरीत ते हेडक्लार्क. वय सत्तावन्न, मिशा पैलवानी, आवाज असा की शेजारच्या कचेरीतले लोकही दचकून कामाला लागत. शिपाई चहाला गेला तर मेमो. स्वतः मात्र तासाला दोनदा "जरा पाहणी करून येतो" म्हणून गायब. पाहणी कसली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कालव्यांना पाणी सोडायचं वेळापत्रक करणाऱ्या माणसाला स्वतःचं वेळापत्रक काही जमत नव्हतं. 'गळकं धरण' हे नाव त्यांना मीच ठेवलं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

वीस वर्षं खिडकीपाशी असलेलं टेबल त्यांनी एका सोमवारी संडासाच्या बोळाजवळ हलवलं. कारण काय, तर "खिडकीतनं ऊन येतंय." खिडकी उत्तरेला होती. सिनेमाला गेले की कडेची खुर्ची धरायची, मधे तीनदा उठायचं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीला गोष्ट सांगायची. आमच्या सिनेमात जिवंत राहिलेला नायक त्यांच्या सिनेमात हमखास मेलेला असे. लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकाला मुठीत अक्षता घेऊन निघून जात, आणि परत येईपर्यंत नवराबायको जेवायला बसलेले असत. मग अक्षता पडत जिलबीवर.

डॉक्टरचं नाव काढलं की भडकत. एकदा मी धीर करून म्हटलं, "साहेब, प्रोस्टेट असंल. दाखवून घ्या की."

"पोस्टाचं काम पोस्टात!" ते गरजले. "मला काय झालंय? पाणी जास्त पितो मी!"

पाणी ते दिवसाला जेमतेम दोन पेले पीत. तेही औषधासारखं, घोट मोजून.

त्यांची एकुलती एक लेक सुनंदा शिरोळला दिलेली. बायको वारल्यापासून घरात ते एकटेच. तरी लग्नाला दोन वर्षं झाली, साहेब लेकीच्या दारी गेले नाहीत. विचारलं तर म्हणत, "बापानं पोरीच्या घरी सारखं जाऊ न्हाय." सारखं राहू दे, एकदाही नाही! माणूस नव्हे, दगड आहे, असं मी डबा खाताना चारचौघांत सांगून टाकलं.

मग सुनंदाला मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. आवाज नेहमीचा नव्हता.

"उद्या शिरोळला येतोस काय? तुझ्या स्कूटरवरनं?"

"एसटी हाय की साहेब."

"एसटी थांबत न्हाय रे."

रविवारी सकाळी निघालो. हेर्ल्याला थांबलो. हातकणंगल्याच्या अलीकडे थांबलो, पलीकडेही थांबलो. दर वेळी ते उसात शिरत, बराच वेळ लावत आणि बाहेर येऊन सांगत, "ऊस बरा हाय." जयसिंगपूर सोडल्यावर मी हसू दाबायचंही सोडून दिलं.

शिरोळच्या स्टँडवर उतरताच ते मागच्या बाजूला गेले. मी चहा सांगितला. चहावाल्यानं विचारलं, "पावणं, त्या मिशावाल्यांसंगट आलासा व्हय? आज पयल्यांदाच कुणीतरी हाय त्यांच्यासंगं."

"म्हणजे? ते येतात इथं?"

"म्हैन्यातनं एकदा. एसटीतनं उतरलं की थेट मागच्या नळावर. पँट धुत्यात, उन्हाला बसत्यात. वाळंस्तवर परतीची गाडी लागती. लेकीसाठी आणलेली पिशवी माझ्याकडं ठेवून जात्यात, मी पोचवतो. एकदा म्हटलं, पोरगी हितं चार पावलांवर हाय, भेटून तरी जावा की. तर म्हणालं, व्याह्याच्या दारात असा वल्ला कसा जाऊ?"

मी चहाचे पैसे दिले.

साहेब आले. शर्ट खाली ओढत माझ्यासमोर उभे राहिले. ज्यांच्या मेमोला सगळी कचेरी घाबरायची, ते खाली बघत विचारत होते, "दिसतंय काय रे?"

दिसत होतं. तळहाताएवढं.

"न्हाय," मी म्हणालो.

स्कूटरला अडकवलेली बारशाची पिशवी मी त्यांच्या हातात दिली, पुढं धरायला. आणि व्याह्यांच्या घरापर्यंत त्यांच्या अगदी पुढ्यातून चालत राहिलो. दारात सुनंदा उभी होती. तिनं माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं आणि पायात काही न घालता धावत आली. मला बाजूला व्हावं लागलं.