साडेतीन गावं आणि पाव एकर

सरकारांच्या घरी तुम्ही काहीही घेऊन जा, ते तुमच्याबरोबरच परत येतं. पेढे न्या, केक न्या, कुंडीतलं रोप न्या. सरकार खुर्चीतून जरा पुढे वाकतात, उजव्या हाताची दोन बोटं त्या वस्तूला लावतात, "पोचलं. नोंद घेतली," म्हणतात आणि वस्तू तुमच्या हातात परत ठेवतात.

अमेरिकेत, नेपरव्हिलला राहायला आलो त्याच आठवड्यात मृणाल, म्हणजे माझी बायको, नारळाच्या वड्या घेऊन ओळख करून घ्यायला गेली. सोबत मी. फ्रोजन नारळाच्या वड्या पडता पडत नाहीत, इथल्या कुठल्याही मराठी बाईला विचारा. तिच्या तिसऱ्या खेपेला पडल्या होत्या. "पोचल्या. नोंद घेतली," म्हणून सरकारांनी डबा परत दिला. तीन घरांवरचं आमचं दार येईपर्यंत मृणाल माझ्यापुढे तरातरा चालत राहिली.

"डायबेटिस असेल त्यांना," मी म्हणालो.

"मग तसं सांगायला तोंड आहे ना?"

त्या वड्या मी आठवडाभर खाल्ल्या. त्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं मृणालने ठरवलं, आणि ती ठरवते तेव्हा ते ठरतं. मी मात्र जात राहिलो. मला माणूस आवडला होता.

नाव दौलतराव तांबुळकर, पण आम्ही सगळे सरकारच म्हणतो. त्यांचे आजोबा तांबुळगाव संस्थानचे शेवटचे अधिपती. संस्थान साडेतीन गावांचं. अर्धं गाव कसं काय, असं मी विचारलं. "ओढ्यापलीकडचं अर्धं शेजारच्या संस्थानाकडे होतं," सरकार गंभीरपणे म्हणाले. "त्यांचा कोंबडा आरवला की आमची रयत उठायची. कराराशिवाय."

इंग्रजांच्या यादीत तांबुळगावचं नाव अगदी शेवटच्या पानावर. सलामीच्या तोफा शून्य. तशी एक तोफ होती, पण ती उडवायला गोऱ्या साहेबाची परवानगी लागे. परवानगी येईपर्यंत तोफेत चिमण्यांनी घरटं केलं, म्हणून आजोबांनी ती उडवलीच नाही. तुरुंगही होता. त्यात एकच कैदी, आणि तो दुपारी जेवायला घरी जायचा.

"पळून नाही गेला कधी?"

"कशाला पळेल? शिक्षाच दोन दिवसांची. त्याहून जास्त द्यायचा आम्हांला अधिकार नव्हता."

हे 'आम्हांला' ऐकून कुणालाही वाटेल की शिक्षा त्यांनीच ठोठावली होती. प्रत्यक्षात त्यांचा जन्म विलीनीकरणानंतरचा. राज्य त्यांनी एक दिवसही केलं नाही. सगळी नोकरी इथल्या एका कारखान्यात फ्रीज डिझाइन करण्यात गेली. मी नागपूरचा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली होती. "मोठ्या राजांचा मुलूख. आमचे संबंध नव्हते, पण वैरही नव्हतं."

उरलेली हौस ते पाव एकराच्या प्लॉटवर भागवतात. आमच्या कॉलनीच्या असोसिएशनची अध्यक्ष लिंडा ही त्यांच्या लेखी पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानावर नजर ठेवणारा इंग्रज साहेब. मेलबॉक्सचा रंग नियमात बसत नाही असं तिचं पत्र आलं, तेव्हा मला फोन आला. "एजंटबाईंचा खलिता आलाय. ताबडतोब या." आपल्या उभयतांतील जुन्या मैत्रीस जागून पेटी काळी करीत आहोत, असं उत्तर त्यांनी टपोऱ्या इंग्रजी अक्षरात लिहून पाठवलं. लिंडाने ते फ्रेम करून भिंतीवर लावलंय. वसंतात ससे येऊन ट्युलिप फस्त करतात. मी कुंपणाला जाळी लावू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "रयत आहे. तिला जाळी लावतात होय?"

एकदा मी धीर करून त्या दोन बोटांबद्दलही विचारलं.

"दसऱ्याला रयत नजराणा घेऊन यायची," ते म्हणाले. "कुणाचं एक नाणं, कुणाची पसाभर ज्वारी. घेतलं तर त्यांच्यावर ओझं. नाकारलं तर अपमान. हात लावून परत दिलं की दोघांचीही अब्रू राहते. आजोबांची पद्धत. ती आम्ही मोडत नाही."

दसऱ्याला त्यांच्या घरी अजून दरबार भरतो. बेसमेंटमधून पगडी वर येते, रिक्लायनरवर शाल पडते. आपटा इथे कुठला, पण मागच्या अंगणात रेडबड नावाचं झाड आहे. त्याचं पान पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं, आणि ऑक्टोबरात ते खरोखर पिवळं होतं. "तांबुळगावात आमचं सोनं हिरवं होतं," सरकार म्हणतात, "इथे पिवळं आहे. म्हणजे भरभराटच म्हणायची." गेल्या वर्षी या दरबाराला दोन माणसं होती. मी आणि लिंडा. आपला केक हातात परत घेऊन लिंडा गोंधळून उभी होती.

या फेब्रुवारीत सरकार ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरून पडले. कंबर वाचली, पण फीनिक्सहून मुलगा, अजय, आला आणि घर विकून सरकारांनी त्याच्याकडे जायचं ठरलं. सरकारांनी मला बातमी दिली ती अशी: "विलीनीकरणाचा मसुदा आलाय. सही केली. आजोबांनी दसऱ्यापर्यंत मुदत मागितली होती, आम्हीही तीच मागितली." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शेवटचा दरबार आहे. माणसं आली पाहिजेत."

मी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला. बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले. अंगठ्यांवर माझा विश्वास नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अजयला सामान बांधायला मदत करत होतो. स्वयंपाकघरातले डबे उतरवताना त्याला विचारलं, पूर्वी दरबाराला माणसं यायची का?

"यायची? फुल हाउस असायचं," अजय म्हणाला. "डॅड सगळं रिटर्न करायचे, आणि मॉम त्या किचनच्या दारात उभी राहायची. लोक बाहेर पडताना ती म्हणायची, आण इकडे, त्यांचं झालं. अँड शी टुक एव्हरीथिंग. लाडू, चिवडा, सगळं. थँक्सगिव्हिंगपर्यंत, महिनाभर आम्ही तेच खायचो." तो हसला, मग हातातल्या डब्याकडे बघत म्हणाला, "मॉम गेली, अँड ही जस्ट केप्ट रिटर्निंग. घ्यायचं कसं, आय डोन्ट थिंक ही नोज."

अजयची आई, वत्सलाकाकू, आम्ही इथे येण्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या. त्यांना मी फक्त फोटोत पाहिलंय. इतके दिवस मी दोन बोटांची गंमत सांगत फिरत होतो, आणि तिचा अर्धा भाग मला माहीतच नव्हता. मला माझीच लाज वाटली.

घरी येऊन मृणालला सांगितलं. थोड्या वेळाने फ्रीझर उघडल्याचा आवाज आला.

दरबाराला अकरा माणसं आली. अंगठे पंधरा होते, म्हणजे चांगलंच म्हणायचं. सरकार पगडी घालून ताठ बसले होते. एकेकाच्या वस्तूला बोटं लागत होती, रेडबडचं पान हातात पडत होतं. मृणालची पाळी शेवटची. तिने वड्यांचा डबा पुढे केला. दोन बोटं. "पोचल्या. नोंद घेतली."

तिने डबा परत घेतला, पण दाराकडे गेली नाही. आतल्या बाजूला वळली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन डबा धरून उभी राहिली. त्या दारात कुणी नव्हतं. ही काय करतेय ते फक्त अजयला आणि मला कळत होतं, आणि सरकारांना.

मग त्यांनी पगडी उतरवून खुर्चीवर ठेवली, काठी घेतली आणि जेवणाच्या टेबलामागून वळसा घालून दुसऱ्या बाजूने स्वयंपाकघरात गेले. दाराच्या पलीकडच्या बाजूला, मृणालच्या समोर उभे राहिले. हात पुढे केला.

"आण इकडे," ते म्हणाले. "त्यांचं झालं."

डबा घेतला, तिथेच उघडला आणि उभ्या उभ्या एक वडी खाल्ली. मग दुसरी. लिंडाला काय समजलं देव जाणे, पण ती आपला केक घेऊन मृणालच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि बघता बघता बाकीच्यांचीही रांग लागली.

सगळं घेऊन झाल्यावर सरकारांनी मृणालला विचारलं, "तुझा डबा? आम्ही पंधरा दिवसांत निघतो."

"रिकामा डबा परत देत नाहीत, काका," मृणाल म्हणाली. त्यांना काका म्हणणारी आमच्यातली ती पहिलीच. "तिकडे काही केलंत की त्यातून पाठवा. नाहीतर आम्ही येऊन घेऊन जाऊ."

सरकारांनी डब्याचं झाकण लावलं आणि तो छातीशी धरला.

"नोंद घेतली," ते म्हणाले, पण या वेळी डबा परत दिला नाही.