मिळालं म्हना

बालाघाटच्या आमच्या वॉर्डात राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एक सत्तरीचे गृहस्थ दारात उभे राहिले आणि म्हणाले, "जय भीम बाबू. तोंड उघडा जरा."

मी नुकताच झोपेतून उठलेलो. अशा वेळी कुणी तोंड उघडा म्हटलं तर मी उघडतो. त्यांनी वाकून आत पाहिलं. माझे सगळे दात जागच्या जागी दिसले तसा त्यांचा चेहरा पडला. "तुमची नोहे," ते म्हणाले आणि खिशातून रुमालात गुंडाळलेली कवळी काढून दाखवली. वरची. लामत्याच्या अलीकडे जंगलात एका मोहाच्या झाडाखाली त्यांना ती सापडली होती. वॉर्डातली बाकी सगळी तोंडं पाहून झाली होती. नव्याने आलेलं माझं तेवढं राहिलं होतं.

हे उके काकाजी. आता ते भिलाईला मुलीकडे असतात आणि माझे रविवार रिकामे जातात, म्हणून हे लिहायला घेतलं.

काकाजी जन्मभर पोस्टमन होते. रिटायर झाले, पण खाकी पिशवी खांद्यावरून उतरली नाही. दर रविवारी सकाळी बांबूची काठी घेऊन ते लामत्याच्या बाजूच्या जंगलात जायचे. लोक जंगलात जातात मोहफुलं वेचायला, तेंदूची पानं तोडायला. काकाजी जायचे डाक गोळा करायला. जंगलात जे जे कुणाचं पडलेलं सापडेल, ती त्यांच्या लेखी डाक. तिचा धनी शोधून ती पोचवली की आठवडा सत्कारणी लागला.

"बिगर पत्त्याची वस्तू नसते बाबू," ते सांगायचे. "आपल्याले वाचता येत नाई, एवढंच."

त्यांच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, एका फळीवर ही न वाचता आलेली डाक मांडलेली असे. शिलाई मशीनचा लोखंडी पायटा, तबल्याविना एकटा डग्गा, लग्नातलं एक बाशिंग, उजव्या पायाचे चार बूट. शिलाई मशीनचा पायटा जंगलात कोण कशाला नेईल, हे मला अजून कळलेलं नाही. काकाजींना असले प्रश्न पडत नसत. पोस्टमनने पत्र पोचवावं, आत काय लिहिलंय ते विचारू नये.

वस्तू पोचवली की त्यांची एकच अट असायची. "मिळालं म्हना. म्हंजे मी मोकळा." समोरच्याने तोंडाने 'मिळालं' म्हटल्याशिवाय ते दारातून हलत नसत. एकदा त्यांना 'उपविजेता' लिहिलेला क्रिकेटचा कप सापडला. दोन महिने विचारपूस करून त्यांनी परसवाड्याचा तो कॅप्टन गाठला. तो म्हणाला, "अंकल, मैंने खुद फेंका था. सख्ख्या भावाच्या टीमकडून हरलो होतो." काकाजी दारात तासभर बसून राहिले. शेवटी त्या पोराने कपाळाला हात लावून 'मिळालं' म्हटलं.

कवळीचंही तसंच. लामत्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याने ती लावून पाहिली, गरम भजी खाल्ली आणि म्हणाला, "बसली तर मस्त, पन मायी नोहे." खरा धनी पुढच्या गावी निघाला. अस्वल मागे लागलं तेव्हा तो तोंड उघडं टाकून पळाला होता. त्याची बायको म्हणाली, "राहू द्या न काकाजी तुमच्याजवळच. घरात कशी शांती आहे." काकाजींनी मिळालं म्हणायला सांगितलं, पण दात नसल्यामुळे त्याला ते म्हणता येईना. कवळी धुऊन तोंडात बसवली तेव्हा कुठे शब्द उमटला आणि पाठोपाठ बायकोवर ओरडणंही सुरू झालं.

चूक त्यांच्या हातून एकदाच झाली. एक स्टीलचा डबा सापडला. आपल्याकडे लग्नात भांडी देतात त्यावर नाव घालतात, तसं त्यावर परसवाड्याच्या एका पाटलाचं नाव होतं. पुढची अक्षरं झिजली होती. पत्ता वाचता आला म्हणून काकाजी खूश. डबा घेऊन थेट पाटलाच्या घरी. झिजलेली अक्षरं होती 'कडून'. पाटलाने तो डबा भाचीच्या लग्नात दिला होता. आपला आहेर भाचीच्या सासरच्यांनी जंगलात टाकला, हे कळल्यावर दोन्ही घरांचं जाणं-येणं वर्षभर बंद पडलं. काकाजींनी कानाला खडा लावला. "भांड्यावर नाव असते थे देनाऱ्याचं," ते मला बजावायचे. "घेनाऱ्याचं नाव तं घरातल्या सगळ्याइले मालूमच असते."

मला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. बायकोने त्याचा अर्थ उके काकाजी असा लावला. मग मीही रविवारी त्यांच्या मागे फरफटत जाऊ लागलो. बालाघाटहून लामत्याकडे पूर्वी रेल्वेची छोटी लाईन जायची. मोठी लाईन झाली तेव्हा वळणावळणाचा काही भाग सोडून रूळ सरळ नेले. सुटलेल्या त्या तुकड्यांवर आता खडी, सागाची पानं आणि बांबू. आम्ही तिथूनच चालायचो. छोट्या लाईनची गाडी इतकी सावकाश जायची म्हणे की पोरं पुढच्या डब्यातून उतरून, तेंदूची फळं तोडून, मागच्या डब्यात चढायची. हे सांगताना काकाजी नेहमी हसत. एवढं सांगून झालं की मात्र हसू मावळे आणि ते काठी उचलून पुढे होत.

पाच-सहा रविवारांनंतर माझ्या लक्षात आलं की हा माणूस फक्त डाव्या बाजूला बघतो. उजवीकडे एखादा हत्ती मरून पडला असता तरी यांना दिसला नसता. डाव्या उतारावर काठीने पानं उलथत, हळूहळू, दर वेळी मागच्या खुणेपासून पुढे. कवळ्या आणि कप हे वाटेत सापडत होते. शोध दुसऱ्याच कशाचा तरी होता.

"काकाजी, पाहून काय राह्यले तुम्ही?" मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

"डाक," ते म्हणाले.

एका हिवाळ्यात, वळणावर रुळाखालून पाणी जायला बांधलेल्या जुन्या मोरीपाशी, त्यांची काठी धातूवर वाजली. ते खाली बसले आणि हातांनी माती उकरू लागले. मी मदतीला वाकलो तर त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं. आतून निघाला एक गडवा, पाणी प्यायचा पितळी. हिरवा पडलेला, एका बाजूने चेपलेला. काकाजींनी थुंकी लावून सागाच्या पानाने तो घासला. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. 'विमल हिस दादाकडून.'

विमल म्हणजे उकेकाकू. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. काकाजींचे हे रविवार तेव्हापासूनचे होते, हे मला त्या क्षणी कळलं.

"लगन झाल्यावर पहिल्यांदा लामत्याले घेऊन येत होतो तिले," काकाजी मोरीवर बसून सांगू लागले. "ह्या वळनावर हात धुवाले तिनं गडवा खिडकीबाहेर धरला न झटका बसला. सांडला खाली. म्हने, उतरा न, गाडी हळूच हाये. नवा खाकी डरेस होता माया अंगावर. डब्यातले लोक पाहून राह्यले होते. मी म्हटलं, एका गडव्यासाठी काहून उतरू? नवा घेऊन देईन."

नवे गडवे त्यांनी किती तरी आणले. काकू त्यात फुलझाडांना पाणी घालायच्या. स्वतः जन्मभर पेल्याने पाणी प्यायल्या. रागावल्या नाहीत, पुन्हा कधी विषय काढला नाही. काकाजींना तेच सोसलं नाही.

"लोकाइची डाक पोचवली बाबू जनमभर. पावसात, पुरात. अन् घरच्या एका वस्तूसाठी मले उतरवलं नाई."

मी म्हटलं, "सापडला न आता. घरी फोटोपाशी ठेवा."

त्यांनी मान हलवली. "नियम आहे. ज्याच्या नावाची डाक, थो नसन, तर पाठवनाऱ्यास परत."

पुढच्या रविवारी आम्ही वारासिवनीच्या बसमध्ये बसलो. तिथून जवळच्या खेड्यात विमलकाकूंचे थोरले भाऊ, गोमाजीदादा, राहायचे. वय ऐंशीच्या पुढे, नजर गेलेली. बहिणीला हा गडवा त्यांनी राईस मिलमधल्या पहिल्या मजुरीतून दिला होता. वाटभर काकाजी खिडकीशी बसून रुमालाने गडवा पुसत होते. म्हातारा आता यांना काय काय सुनावणार, याची मलाच धास्ती पडली होती.

गोमाजीदादा अंगणात खाटेवर बसले होते. काकाजींनी जय भीम घातला, गडवा त्यांच्या हातात दिला आणि मोरीवरची सगळी हकीकत उभ्याउभ्याच सांगितली. खाकी ड्रेससकट, काही न वगळता. मग म्हणाले, "मिळालं म्हना दादा. म्हंजे मी मोकळा."

दादांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. पण मिळालं म्हणाले नाहीत. आत वळून सुनेला हाक मारली, "जवाईबापू आले, पानी आन. याच्यातच आन."

सुनेने गडवा चिंच लावून घासला आणि पाणी भरून काकाजींच्या हातात दिला. बुडाला बारीक भोक पडलेलं होतं. पाण्याची धार सरळ काकाजींच्या पँटवर. सून ओशाळली. काकाजी तसेच, भिजत. दादांनी आवाजाच्या रोखाने हात पुढे केला, चाचपडत भोक शोधलं आणि त्यावर बोट दाबून धरलं.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "त्याच साली धानकापनीले आली तवा सांगितलं होतं तिनं. म्हने, दादा, माह्याच हातून सांडला. त्याइले काई म्हनजो नको, ते शरमतील."

काकाजी गडवा पुन्हा दादांच्या हातात द्यायला लागले.

"तिले देल्ला होता, वापस कायले घेऊ?" दादा म्हणाले. "प्या. अन् मिळालं तुम्ही म्हना."

काकाजी प्यायले. गडवा रिकामा होईपर्यंत एका दमात प्यायले आणि तोवर दादांचं बोट बुडावरून हललं नाही. मला रडू आलं. सून पाहत होती तरी मी डोळे पुसले नाहीत.

"मिळालं," काकाजी म्हणाले. जेमतेम ऐकू आलं.

परतीच्या बसमध्ये आम्हाला दोघांची सीट मिळाली. जाताना खिडकीशी काकाजी बसले होते. या वेळी त्यांनी मला खिडकीकडे सरकवलं आणि स्वतः आतल्या बाजूला बसले, गडवा खिडकीपासून लांब, मांडीवर दोन्ही हातांनी धरून.